मनगटाची दोरी

२ तारीख, सोमवार

आले एकदाची धाकट्या बहिणीकडे. घर बघून डोळे निवले. मला वेगळी खोली, तीही खिडकीसकट! जन्मभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात पथारी टाकली, आता राणीसारखी लोळणार. धाकटीची उजवी बाजू लकव्याने गेली, वाचाही गेली. मला बघून रडली, मग अर्ध्या तोंडाने हसली. मेव्हणा दारातच बॅग घेऊन उभा. म्हणाला, ताई आल्या, आता मी कामावर जायला सुटलो. सुटलो म्हणतो मेला! बायकोला व्यायाम शिकवणारी बाई येते, तिने मला रोज लिहायला सांगितलंय. हात किती हलला ते टिपायचं. चौथी शिकलेय, जमेल तसं लिहीन.

३ तारीख

व्यायामवालीने टीव्हीवरचा खेळ लावून दाखवला. हातात धरायची पांढरी दांडी, तिच्या पोटात वळण आणि झटका ओळखणारी बारकी यंत्रं. आपण हात फिरवला की पडद्यावरची बाहुली फिरवते. टीव्हीखाली काळी कांडी ठेवायची, दांडीचं तोंड कुठे आहे ते तिच्यावरून कळतं. पण सगळ्यात आधी दांडी टेबलावर पालथी ठेवायची आणि हात लावायचा नाही. स्थिर म्हणजे काय ते तिला शिकवावं लागतं म्हणे. मग बटण. मग दोरी मनगटात बांधून दांडीला अडकवायची, नाहीतर दांडी सुटून टीव्ही फुटतो. हे सगळं दोनदा समजावलं बयेने. मी काय ठोंबी आहे?

४ तारीख

टेबलावर औषधांचा बाजार. कोण आवरत बसतंय! म्हटलं, धाकटीच्या उजव्या हाताइतकं स्थिर घरात दुसरं काय आहे? दोरी तिच्या मनगटात आधीपासूनच होती. दांडी मुठीत दिली, बटण दाबलं, झालं काम.

मेव्हण्याचा फोन आला. बायको कशी आहे ते नाही विचारलं. दोरी तिच्याच मनगटात आहे ना, एवढंच.

५ तारीख

दांडी टेबलावर ठेवली, तर बाहुलीचा हात आपोआप डावीकडे वळतोय. सावकाश. थांबतच नाही. व्यायामवाली हसली. म्हणाली, मावशी, तुम्ही हिला हलत्या हातात शिकवलंत. हात उजवीकडे वळत होता, तेच तिने स्थिर म्हणून धरलं. आता खरंच स्थिर ठेवली तरी तिला उलटं वळल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, अगं, तो हात मेलेला आहे. म्हणाली, मग कुणीतरी पिळत असेल! आणि चहा पिऊन गेली.

मला हसू आलं नाही.

७ तारीख

टेबल आवरलं, दांडीला नीट शिकवलं. बाहुली गप्प. मग धाकटीच्या हातात दिली. हात मांडीवर निपचित. पडद्यावर मात्र बाहुलीचा हात पिळवटतोय, ओलं धुणं पिळावं तसा. धाकटीच्या डोळ्यांना धार. दोरी वर सरकवून बघितलं. खाली वळ आहेत. बोटांचे. माझ्या बोटांपेक्षा लांब.

८ तारीख

मेव्हण्याला फोनवर झाडला. रडला. म्हणाला, पहिल्यांदा हात माझा गेला होता. दोरी तिला घातली म्हणून मी बरा झालो. नुसती काढून चालत नाही, दुसऱ्या कुणाचा हात लागतो.

बायकोला खुंटीला टांगलं आणि हा रडतोय.

९ तारीख

दोरी कात्रीने तुटेना. सुरीने तुटेना. व्यायामवाली फोन उचलत नाही.

धाकटीची मान वळायला लागलीय. उजवीकडे. सरळ केली तरी परत — श्वास घेताना घरघर —

मान गेली की माणूस गेलं.

१० तारीख

दोरी तिच्या हातातून सोडवून घातली. माझ्या उजव्या मनगटात. हिला कडेवर घेऊन वाढवली, ही दोरी काय जड आहे!

धाकटीची बोटं हलली. मूठ उघडली. मान सरळ झाली. टिपायचं होतं ना, टिपते — हात हलला.

माझा — कुणीतरी धरलाय — टीव्ही बंद आहे तरी

११ तारीख

डाव्या हाताने लिहिते. उजवा गेला. तोंड वाकडं.

धाकटी बोलली. फोनवर. नवऱ्याला म्हणाली, ताईच्या हातात आहे, तू ये घरी.

आवाजात रडू नव्हतं.

सोड म्हणायला गेले. नुसती लाळ —

आली. माझ्यासमोर बसली. नजरेला नजर देत नाही. दोरीला हात घातलाय. सोडतेय. वाटलं सोडतेय. पण ही तर अजून एक गाठ मारतेय