जुळं, पण

६ जानेवारी २००३

जुळं आहे म्हणे! डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "एक बाळ आहे, छान आहे. शेजारी दुसरं आहे ते बाळ नाही." द्राक्षगर्भ. बाळ धरतच नाही, नुसती वार वाढत जाते, द्राक्षांच्या घोसासारखी. लाखात एखादीला होतं. आमची कधी साधी लॉटरी लागली नाही.

आमोद बाहेर मोबाईलवर अमेरिकेतल्या साहेबाला "येस, येस" म्हणत होता. त्याला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना रडले.

७ जानेवारी

डॉक्टर म्हणाल्या, "पाडलंत तर तुम्ही सुरक्षित. ठेवलंत तर रक्तस्राव, बीपी, आणि बाळाची खात्री नाही. नंतर आत काही उरून वाढलं तर कॅन्सरचं औषध."

आमोद म्हणाला, "नीरजा, तू म्हणशील तसं." फार उपयोग झाला!

ऑफिसात मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. मोठी चूक सापडली की काम तिथेच थांबवायचं, असं पोरांना मीच बजावते. मी ठेवणार म्हटलं.

९ जानेवारी

आमोदने सासूबाईंना फोनवर "जुळं, पण" एवढं सांगितलं. 'पण'च्या पुढचं ऐकायच्या आत त्यांनी फोन ठेवून नणंदेला लावला. आता अर्ध्या सदाशिव पेठेला माहीत आहे. आमोद संध्याकाळी जाऊन सगळं नीट सांगून आला.

४ फेब्रुवारी

ऑफिसात खुर्चीतच रक्त गेलं. दवाखान्यात दाखल. बाळ आहे.

११ मार्च

बीपी वाढलंय. धायरीला आमच्या घरी नुसती पडून. बाळ लाथा मारतं. शेजारचं काही करत नाही, फक्त वाढतं. भीती वाटते. खूप वाटते.

१३ एप्रिल

डोहाळजेवण. उठायला बंदी म्हणून पलंगच सजवला! पेठेतल्या झाडून सगळ्या बायका. झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या. मी उचलली तिच्यात पेढा. "मुलगा!" मग जुळ्यातल्या दुसऱ्यासाठी आणखी दोन. एक उघडली, रिकामी. दुसरीही रिकामी.

"सुहासिनीताई, विसरलात की हो!"

"विसरले. वय झालं," सासूबाई म्हणाल्या, आणि वाट्या उचलून आत गेल्या. स्वयंपाकघरात नळ बराच वेळ चालू होता.

१२ मे

बीपीमुळे घाईने सिझर. मुलगी. सव्वा किलो. रडली! घोसही काढला. आमोद दिसेल त्याला "रडली, रडली" सांगत सुटला. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

२ जून

मुलगी अजून काचेच्या पेटीत. वाटी-चमच्याने माझं दूध पिते, निम्मं सांडते. घोसातलं आत काही उरलंय का बघायला माझं रक्त दर आठवड्याला तपासतात. आकडा उतरला पाहिजे. उतरतोय.

१७ जून

आकडा चढला. आजपासून सलाईनमधून ते कॅन्सरचं औषध. दूध बंद.

मुलीला सकाळी घरी सोडलं. मला ठेवून घेतलं.