टेपमधला मागचा आवाज

प्रिय ठकू,

मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस, ते रास्तच आहे. आधी घरचं सांगतो. आई गेल्यापासून तुझ्या लहानपणीची ती टेप ऐकायचा प्रयत्न करतोय. तू गोष्ट सांगतेस आणि अडलीस की आई मागून हळूच पुढचा शब्द पुरवते. तिचा आवाज एवढाच काय तो उरलाय. पण स्पीकरमधून सारखी घूंऽऽ अशी गुणगुण, आणि तिच्यात नेमकी आईच बुडायची.

जोर वाढावा म्हणून नवा अॅम्प्लिफायर आणला, तर तो तापून बंद पडायला लागला. गुणगुण जाईना म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने आधी मलाच फैलावर घेतलं. "काका, पिन काढून गुणगुण थांबेलही, पण एक दिवस तुम्हीपण थांबाल!" मग अॅम्प्लिफायरची मागची पट्टी वाचून म्हणाला, "हे लग्न जमवलं कुणी? स्पीकर चार ओहमचे, आणि हा आठच्या खाली चालत नाही. नवरदेव दमणारच." तो बदलून त्याने चार ओहम झेपणारा आणून दिला. टीव्हीची वायरही त्यालाच जोडलेली होती, पण दोघांचे प्लग वेगवेगळ्या भिंतींवर. दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे गुणगुण शिरते म्हणे. त्याने पिन बसवली, सगळं एकाच बोर्डावर घेतलं आणि म्हणाला, "ऐका आता. टाचणी पडली तरी कळेल."

मला घूं ऐकू येतच होतं. तसं सांगितल्यावर त्याने स्पीकरला कान लावला, माझ्याकडे बघितलं आणि जाऊन घराचा मेन स्विचच बंद केला. पंखा फिरायचा थांबला. गुणगुण थांबली नाही. तो काहीतरी बोलला, बहुतेक हळू. मी मान हलवली.

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र दिलंय. त्याने बोलणं मोठं होतं, स्पष्ट होत नाही. गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं.

म्हणून फोन नाही, आणि म्हणून हे पत्र. टेपमध्ये तुझा आवाज मला अजून येतो. तू मधेच गप्प होतेस आणि एकदम पुढे जातेस. त्या मधल्या जागेत आई आहे, एवढं मला ठाऊक आहे. रजा काढून ये. ती काय म्हणते ते तू ऐक, आणि माझ्या कानाशी मोठ्यांदा सांग.

तुझाच,
बाबा