हंसाबेनच्या चिमण्यांची बाजरी

प्रिय हंसाबेन,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय ती कबुली द्यायला. चिमण्यांची बाजरी मी बंद केलीय. दहा दिवस झाले.

रागावू नका, आधी ऐका.

जेसल पार्कातल्या आपल्या सोसायटीत माझं घर तळमजल्याला, तुमचं बरोब्बर वर. मागची चार हात बाग माझी, पण तिथल्या जास्वंदीला दाण्याची ताटली टांगलीत तुम्ही, तीही मला न विचारता. चिमण्यांनी माझे वाळत घातलेले पापड घाण केले तेव्हा मी केवढी भांडले, आठवतंय? तुम्ही शांतपणे म्हणालात, "सुनंदा, पापड माझ्या गॅलरीत सुकव. चिमणीला गॅलरी कुठे आहे?"

मग हॉस्पिटलात माझा हात धरलात. "रोज सकाळी दाणा टाकायचा. एक दिवस पण खाडा नाय करायचा." मी रडत होते. नाही कसं म्हणणार?

दीड वर्ष खाडा केला नाही. ताप असला तरी शाल गुंडाळून बाहेर यायचे, वर गॅलरीत उभ्या असलेल्या तुमच्या यजमानांशी, जयंतभाईंशी, दोन शब्द बोलायचे. खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं.

गेल्या महिन्यात ताटलीखाली एक चिमणी पिसं फुगवून बसलेली दिसली. जवळ गेले तरी उडेना. दुसऱ्या दिवशी मेली. मग आणखी एक. पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "या उकाड्यात सगळे एकाच ताटलीत चोची घालतात, आजार पसरतो. काही महिने दाणा थांबवा. पिल्लांना तशाही अळ्याच लागतात. पाणी ठेवा, पण भांडं रोज घासून."

ताटली काढताना वाटलं, तुमचं कपाटच रिकामं करतेय. दुसऱ्या दिवशी सात-आठ चिमण्या फांदीवर बसून माझ्या खिडकीकडे बघत होत्या. मी पडदा ओढला. तुमचे जयंतभाई वरून विचारतील म्हणून सकाळी बागेत जाणंही सोडलं. ते दुपारी झोपले की मी पाणी बदलायचे.

काल त्यांनी गाठलंच. "सुनंदाबेन, दाणा बंद?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. ते हसायलाच लागले. "अरे, हंसा तर दर मे महिन्यात गावाला जायची. दीड महिना. तेव्हा कोण टाकायचं?"

"कोण?"

"कोणी नाय. मी तर झोपलेला असायचो."

मी तेव्हा नोकरीत, माझं लक्ष कुठे होतं? म्हणजे तुम्ही दरवर्षी दीड महिना खाडा करायचात, आणि मला एक दिवसाची सूट नाही. हे बरं का, हंसाबेन?

"तिने मला पण सांगितलेलं," जयंतभाई म्हणाले. "सुनंदा रोज सकाळी बागेत येईल. तू गॅलरीत उभा राहा, दोन शब्द बोल. नाहीतर दिवसभर तोंड उघडणार नाहीस."

मला हसू आलं, आणि मग मी दिवस मोजले. चिमण्यांना दुसरीकडे काहीतरी मिळालं असेल. पण दहा सकाळी जयंतभाईंशी कुणीच बोललं नव्हतं.

म्हणून आज त्यांना खाली बोलावलं. मी भांडं घासलं, त्यांनी पाणी ओतलं, निम्मं स्वतःच्या पायावर. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात एक बुलबुल आला आणि आमच्यासमोर निवांत आंघोळ करून गेला.

बाजरी दसऱ्यानंतर पुन्हा सुरू करीन. पण सकाळी सातला बागेत मी असेन, आणि जयंतभाईंचा चहाही तिथेच असेल. हा मात्र माझा शब्द.

तुमची खालची,
सुनंदा