थोडं उजळ करा

शनिवार, ७ सप्टेंबर २०२४

एफुआने फोटो परत केला! म्हणाली, यावरून मला तुझ्या आईचं चित्र काढता येणार नाही. हे ऐकायला मी शॉमबर्गहून शिकागोपर्यंत दीड तास ट्रॅफिकमध्ये घालवला.

माझ्या लेकीच्या, इलाच्या शाळेत ती वर्कशॉप घ्यायला आली होती, तेव्हा तिची चित्रं पाहिली. घानाची आहे, फक्त माणसांचे चेहरे काढते. तेव्हाच ठरवलं – आईचं चित्र हिच्याकडूनच. नोव्हेंबरात आईला जाऊन पाच वर्षं होतील. नागपूरला पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ते ठेवायचं, असं बाबांना सांगूनही बसले आहे.

फोटोत वाईट काय आहे? पांढरी साडी, मधोमध भांग, गोरापान चेहरा. एफुआने चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कोणी रंगवला? मी म्हटलं, स्टुडिओवाल्याने. त्याला कोणी सांगितलं, ते नाही बोलले.

रविवार, ८ सप्टेंबर

बाबांशी व्हिडिओ कॉल. बुद्धांसमोर मेणबत्ती, बाबासाहेबांना ताजा हार, आणि शेजारी आईचा फोटो तसाच कोरडा, ना हार ना मेणबत्ती. पाच वर्षं हेच बघते आहे. पुन्हा बोलले त्यांना. "विसरलो गं," म्हणाले. अख्ख्या वर्गाची हजेरी तोंडपाठ असणारा हा मास्तर! वय झालं. काळजी वाटते.

मंगळवार, १० सप्टेंबर

लिहूनच टाकते. मीच सांगितलं होतं.

आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा एकुलता एक धड फोटो घेऊन स्टुडिओत गेले. आई सावळीबिवळी नाही, चांगली काळी होती. मी त्याला म्हटलं, "थोडं उजळ करा." जसं काही चहात साखर थोडी जास्त घाला! बाबा शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत. मी समजले, पसंत आहे.

आईला रंगावरून सगळ्यांनी जन्मभर ऐकवलं. फोटो काढायचा म्हटलं की ती मागच्या रांगेत जाऊन उभी राहायची. वाटलं, भिंतीवर तरी तिला कोणी नावं ठेवू नयेत. मूळ फोटो परत मागायचंही सुचलं नाही.

आणि आता तिचा रंग मला आठवत नाही. डोळे मिटले की तो भिंतीवरचाच चेहरा समोर येतो.

शनिवार, १४ सप्टेंबर

एफुआला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही मला दाराबाहेर काढणार. ती हसली. तिचे वडील कुमासीत न्हाव्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे – नुसती डोकी, तऱ्हेतऱ्हेचे केस कापलेली. नऊ वर्षांची असताना ती मागचा रंग भरायची. गिऱ्हाईक म्हणायचं, डोकं जरा गोरं करा, आणि वडील करून द्यायचे. "ते मी अजून निस्तरते आहे," म्हणाली.

कॅनव्हास आधी सगळा लाल करते. तपकिरी रंगाची ट्यूब तिच्याकडे नाहीच. निळा, लाल, पिवळा मिसळून कातडीचा रंग बनवते. कपडे आधी, चेहरा अगदी शेवटी.

माझ्या मनगटावर रंगाचे ठिपके लावून विचारत राहिली – आई याहून काळी? किती? मला सांगता येईना. रडले. तिने आल्याचा चहा दिला, भयंकर गोड.

शनिवार, २८ सप्टेंबर

साडी झाली. निळे काठ, प्रत्येक चुणी जिथल्या तिथे. चेहऱ्याच्या जागी नुसतं लाल. बघवत नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

आज इलाने गाडी चालवली. लर्नर्स परमिट आहे, मी शेजारी जीव मुठीत धरून.

स्टुडिओत ती चित्र बघायला वाकली आणि केस पुढे आले. तिची मान! आई चूल फुंकायला वाकली की मागून दिसायची ती हीच मान, हाच रंग. सोळा वर्षं घरात आहे माझ्या. पाच वर्षांची होईपर्यंत मीच तिला हळद-बेसन चोळत होते. "कोणावर गेली कोण जाणे," असं तिच्यासमोर हसून म्हटलेलंही आठवलं. लाज वाटली स्वतःची.

एफुआला म्हटलं, हा. हाच रंग.

इला न हलता दोन तास बसली. मध्येच विचारलं, "आई, आजी एवढी डार्क होती? रिअली?"

मी हो म्हटलं.

जरा वेळाने म्हणाली, "सो आय लुक लाइक समबडी."

परत येताना गाडीत मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, सिग्नल बघू दे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

चित्र घरी आणलं. आई पहिल्यांदाच पुढच्या रांगेत. सरळ माझ्याकडे बघते आहे.

रविवार, २० ऑक्टोबर

बाबांना कॉलवर चित्र दाखवलं. ते उठून गेले. परत आले ते मेणबत्ती घेऊन, आणि ती फोनसमोरच लावली. म्हणाले, "विसरत नव्हतो गं. त्या फोटोतली बाई मी ओळखत नव्हतो."