सुमीच्या उशाशी कोरं कापड

सोम. ५ फेब्रुवारी
सुमीला सकाळी पुन्हा धाप. चूक माझीच. काल झुरळांवर फवारा मारला आणि मेलेली सगळी केरसुणीने खरखरून झाडली. दहा वर्षांच्या पोरीने ती धूळ ओढली. दम्याचा पंप तोंडात धरून बसली होती, खांदे कानाला लागलेले. शेजारच्या पार्वतीवहिनी दारातून म्हणाल्या, "बापाशीच्या छातीतलो मिलचो कापूस पोरीत इलो गो." मी म्हटलं, कापूस काय नाकडोळ्यांसारखा बापाकडून येतो? फणकारून गेल्या. जाऊ देत.

बुध. ७
परळला दवाखान्यात. अडीच तास रांग. डॉ. बाई तरुण आहे, पण नीट बोलते. "झुरळ मेलं तरी त्याची घाण, कात धुळीत राहते. सुमीला तीच बाधते. सुकं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. खाणं बंद डब्यात. भोकं बुजवा. आणि पंप सोडू नका." किती दिवस? "महिने लागतील, ताई."
लागू देत. मिलच्या संपाचा निकाल लागायची आठ वर्षं वाट बघतोय आम्ही. महिन्यांचं काय एवढं.

शुक्र. ९
माझ्या घरच्या खानावळीत नवा नियम: जेवलात की ताट लगेच घासायचं, मोरीत उष्टं ठेवायचं नाही. जेवायला येणारे सहाही जण कुरकुरले. "खानावळ आहे की शाळा?" शाळाच. नापास झालात तर दुसरीकडे जेवा. सुकट, बोंबील घट्ट झाकणाच्या डब्यात. मोरीच्या पाइपाभोवतीचं भोक सिमेंटने बुजवलं. तरी झुरळं पोटमाळ्यावरून येतातच. सुमी तिथेच झोपते. खाली जागा आहे कुठे?

रवि. ११
पोटमाळ्यावर ह्यांची पेटी. आत ह्यांनी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, विणलेलं शेवटचं कोरं कापड, सहा वार. संपाआधी मिलबाहेर कसं आणलं, विचारायचं नाही. कधी धुवू दिलं नाही, खळ जाईल म्हणून. सुमी त्याच पेटीला डोकं लावून झोपते.
आज उघडली. अगं आई गं! घडी-घडीत झुरळं, मिरपुडीसारखी घाण, अंड्यांची घरं. खळ म्हणजे शेवटी कांजीच. आठ वर्षं झुरळांचीही खानावळ चालवली आम्ही, पोरीच्या उशाशी.
हे आले. "हात लावू नको. खळ गेली काय तां कापड नाय, फडको."
"मग फडकंच हवंय मला."
रडू आलं. त्यांच्यासमोर नाही रडले.

सोम. १२
सुमी शाळेत गेल्यावर नाकाला पदर बांधला. कापड सोडा घालून उकळलं. पेटी गच्चीवर उन्हात. पाणी काळं. मिलचा वासही त्यातच गेला असणार. मला काय कळत नाही? पण श्वास आधी.
हे जेवले नाहीत. मी जेवले, पोटभर.

गुरु. १५
तीन सकाळी धाप नाही! दुपारी कापड फाडायला घेतलं, वेडंवाकडं जायला लागलं. ह्यांनी हातातून ओढून घेतलं. वाटलं, झालं, आता पुन्हा पेटीत. तर म्हणाले, "विणूक येत नाय तर फाडूक तरी शीक. धागो धरून." दाताने काठ तोडला, सरळ टर्रकन. बारा फडकी. एक खिशात घालून बाहेर गेले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

शनि. १७
सकाळी धाप आलीच. कमी, पण आली. पंप. पार्वतीवहिनी लगेच हजर. "मी सांगलंय ना? झुरळांचा काय असता?"
मी तोंड उघडायच्या आत हे ओलं फडकं पिळत उठले. "वयनी, तुमच्या मोरीतला भोक दाखवा. आमची बुजवली, आता झुरळां तुमच्याकडसून येतत."
"माझ्या घरात झुरळां नाय!" वहिनी दार अडवून उभ्या.
हे घमेलं आणि थापी घेऊन त्यांच्या उंबऱ्यावर बसलेत. सिमेंट मी कालवून दिलंय. अर्धा तास झाला. वहिनी हलत नाहीत, हेही हलत नाहीत. सिमेंट घट्ट व्हायला लागलंय. पाण्याचा तांब्या घेऊन मीही जाते.