एका कप्प्यात अख्खी बाई

४ जून, सकाळी
आणि वर मास्तर मलाच ऐकवतात, चिठ्ठी गेली तर गेली, माप माझ्या डोक्यात आहे. आज चहाच्या बशीला चिकटलेली सापडली. घामाने ओली, कोपरा चावलेला. कुणाची कंबर होती ती मास्तरांनाच ठाऊक. शिसारी आली. वीस वर्षं माझ्या दुकानात कापड कापतायत, कात्रीला हात सोन्याचा, पण मापं लिहिणार कानामागे खोचायच्या कागदावर. आता हॉस्पिटलचं काम आलंय, सगळ्या नर्सबाईंचे कोट. नीट झालं तर दरवर्षी आपल्याकडेच. असल्या चिठ्ठ्यांवर करायचं? शी.
ठरलं. सगळं कॉम्प्युटरवर.

५ जून
सून नोकरीत आकडेमोडीचा प्रोग्राम चालवते. तिला तक्ता करायला बसवलं. म्हणते, आई, छातीला एक कॉलम, कंबरेला एक, बाहीला एक. मी म्हटलं, तक्ता आहे का मालगाडी? शेवटचा डबा बघायला स्क्रीन सरकवत बसू? आपलं कपाट बघ. एका कप्प्यात एका गिऱ्हाइकाचं सगळं. तसंच पाहिजे.
म्हणाली, करता येतं. एका कप्प्यात सहा मापांचं गाठोडं बसतं. पण आतल्या प्रत्येक मापाला नाव द्या, आणि बघायच्या आधी गाठोडं सोडायला लागतं, ते शिकवते. मी म्हटलं, गाठोडी सोडण्यात जन्म गेला माझा. तू नको शिकवू.

६ जून
चिठ्ठ्या बघून मापं भरली. चष्म्याशिवाय. नावंबिवं दिली नाहीत. छाती कुठली न् बाही कुठली, आकडा बघूनच कळतं मला. चिठ्ठ्या कचऱ्यात. मास्तर उपसून काढतील म्हणून वर चहाचा चोथा ओतला. दिवसभर कात्रीला धार लावत बसले. किती शांत वाटलं.
चौथी शिकलेली बाई. पण कॉम्प्युटर आला. त्यात काही नाही.

७ जून, दुपारी
सून कामावर. प्रिंट मीच काढला. मापाच्या कॉलममध्ये प्रत्येकीपुढे दोन-चार इंग्रजी अक्षरं आणि कंसात सहा. सगळ्यांपुढे सहाच. जरा चमकले. मग लक्षात आलं, हिशोब करून सगळ्यांना चालेल असा एक नंबर काढला असणार त्याने. कॉम्प्युटर आहे शेवटी.
मास्तर म्हणाले, बाई, सहा नंबर सहा वर्षांच्या पोराला बसतो. हेडनर्सबाई दारातून आडव्या होऊन येतात. मी म्हटलं, तुमचं डोकं जुनं झालं. कापा. म्हणाले, लेखी आहे ना? मी म्हटलं, छापील आहे. मग कापतो, म्हणाले.
एवढ्या खुशीत त्यांना कापताना कधी बघितलं नव्हतं. पटलं म्हणायचं.

१० जून
ट्रायल. हेडनर्सबाईंचा हात बाहीत कोपरापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. कात्रीने सोडवला. एक चपटी नर्स म्हणते, काकू, आम्हाला शिजवून आटवणार होतात का? बाकीच्या खिदळल्या. किळस आली एकेकीची. मास्तर कोपऱ्यात सुईत दोरा ओवत होते. बराच वेळ.
हेडनर्सबाई म्हणाल्या, शनिवारी आणखी एकदाच मापं देऊ, तीही मास्तरांनी घेतली तर. तुम्ही नाही. नाहीतर दुसरं दुकान.

११ जून
सुनेने गाठोडं सोडलं. आत सगळी मापं शाबूत. कंसातले सहा म्हणजे आत सहा आकडे आहेत, एवढंच. म्हणजे तक्ता बरोबर. म्हणजे मी बरोबर. तसं म्हणून दाखवलं. ती म्हणाली, मग आई, यातली कंबर कुठली? मी म्हटलं, मोठा आकडा छाती. तर त्या हिशोबाने एका नर्सची बाही पायघोळ निघाली. मास्तर मापं घेतात मनाला येईल तशी. कधी छाती आधी, कधी बाही. चिठ्ठीवर कुठलं माप कशाचं त्याच्या खुणा असायच्या, त्या मला घाण वाटल्या.
मास्तरांना हाक मारली. स्टूल रिकामं. टेपही नेली.

१२ जून
समोर किल्ल्या करणाऱ्याच्या बाकावर बसलेत. दुकानातून सरळ दिसतात. कानामागे चिठ्ठी. मुद्दाम.
सून म्हणते, जाऊन माफी मागा. माफी कसली? त्यांनी कापलं, मी नाही. तरी तिच्या फोनवरून निरोप धाडला, येताय का. उत्तर आलं ते हे एवढं लांब. त्यात चोथा, त्यात कापड, त्यात वीस वर्षं, त्यात माझी जीभ. सून वाचता वाचता थांबली. म्हणाली, आई, सगळं एकात कोंबलंय, येणार की नाही ते निघत नाही यातून.
वैताग. माणसाने किती कोंबायचं एका निरोपात?
सुनेला पुन्हा निरोप लिहायला लावला. उत्तराच्या जागी एकच शब्द टाका. हो नाहीतर नाही. गाठोडं नको. शनिवारी त्या बायका येतील. मास्तर, शुक्रवारपर्यंत सांगा.