कागद आणायच्या निमित्तानं

उचगाव, कोल्हापूर
१७ जुलै २०२४

प्रिय आक्का,

नमस्कार. दाजींची कंबर आता कशी आहे? वारणानगरला पाऊस किती आहे? इकडं कपडे वाळत नाहीत, आणि दमट हवेनं कागद वाकडा होऊन प्रिंटरात अडकतो.

तुझ्या शाळेची तोरणं आणि कंदील या पाकिटात आहेत. कंदिलाच्या पाकळ्यांवर घडीच्या रेघा फिकट छापल्यात, पोरांना तिथंच दुमडायला सांग. हे पत्र बिघडलेल्या कागदांच्या पाठीवर लिहितेय. तोरणांच्या मध्ये सरकवून ठेवीन. आमचे हे स्वतःच पाकीट कुरियरला देणार आहेत.

फोनवर का नाही बोलले, म्हणशील. फोन स्पीकरवर असतो गं. "मी मजेत आहे" हे तुझ्यापेक्षा घरातल्यांना ऐकू जावं म्हणून म्हणते.

तू विचारलं होतंस, यंदा प्रदर्शनात स्टॉल का लावला नाहीस. जागा मिळाली नाही, असं मी सांगितलं. जागा मिळाली होती. मागच्या वर्षी प्रदर्शनातून दिवेलागणीला घरी आले, तेव्हा मामंजी दारात उभे होते. कुणी ओरडलं नाही. ह्यांनी एवढंच विचारलं, "घरात काय कमी हाय गं तुला? काय पायजे ते सांग, मी आणतो की." तेव्हापासून सगळं हेच आणतात. भाजी, औषधं, माझ्या चपला सुद्धा. दाराला कुलूप नाही, आक्का. कुणी हात उगारत नाही. म्हणून तर सांगायचं काय, तेच कळत नव्हतं.

एक कागद आणणं तेवढं माझ्याकडं राहिलं. त्याची जाडी आणि चकाकी बोटांना कळावी लागते, तुम्हाला नाही जमायचं, असं मी ह्यांना पटवलं होतं. मग केएमटीच्या बसनं लक्ष्मीपुरीत जायचं, दुकानात कागद चाळायचे, येताना उसाचा रस प्यायचा. तेवढ्यावर पुढचे कितीतरी दिवस जायचे.

आणि हे मी माझ्याच हातानं घालवलं.

एकदा ह्यांनी केराची बादली माझ्यासमोर आणून ठेवली. "निम्मा कागद तर हितंच हाय की," म्हणाले, हसत. मला ते लागलं. मग मी हट्टाला पेटले. आधी रद्दीच्या पाठीवर फिकट काळ्यात चाचणी काढायची, माप बरोबर आलं तरच चांगला कागद घालायचा. कंदिलाची बाजू छापताना तिच्याभोवतीच्या रिकाम्या जागेत फुलं तिरकी फिरवून बसवायची. सगळा निळा रंग छापण्यापेक्षा निळाच कागद घ्यायचा आणि नुसत्या रेघा छापायच्या. उरलेल्या पट्ट्यांची नावाची लेबलं करायची. शाई वाळून नळ्या तुंबू नयेत म्हणून आठवड्याला एखादं छोटं चित्र काढायचं. बादली रिकामी राहायला लागली. मामंजी आल्यागेल्या पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या सुनंचा कागदाचा कपटा वाया जात न्हाय." आणि मी खूश व्हायचे, आक्का!

पुढं एक दिवस पिशवी घेऊन निघाले, तर ह्यांनी कपाट उघडलं आणि म्हणाले, "एवढा गठ्ठा हाय की अजून. आता दिवाळीपतुर बघायला नको."

मी पिशवी खुंटीला अडकवली.

त्यानंतर जे केलं, ते तुला सांगायलाही लाज वाटते. मी कागद नासायला लागले. जाड कागद घालून पातळ कागदाचं सेटिंग ठेवायचं, म्हणजे शाई फासली जाते. माप चुकवायचं. चांगला पांढराशुभ्र कागद डागाळून बाहेर येताना बघायचे आणि पुढचा घालायचे. असं करून दोनदा लक्ष्मीपुरीला गेले.

तिसऱ्यांदा ह्यांनी मोबाईलवर कागद मागवला. नेमका तोच, त्याच जाडीचा. मी आधीच्या वेष्टणावरचं लेबल टाकलं नव्हतं, त्यावरून. पार्सल दारात आलं. "आता तुझी दगदग संपली बघ," म्हणाले. खरंच माझ्यासाठी आनंदानं म्हणाले गं. त्या माणसावर रागवायचं तरी कसं?

काल दुपारी सासूबाई माझ्या खोलीत आल्या. फासलेल्या कागदांचा गठ्ठा मी पलंगाखाली सारला होता. त्यांनी तो ओढला, एकेक कागद बघितला आणि खाली बसल्या.

"मुद्दाम करतीस व्हय?"

मी पदरानं बोटांवरची शाई पुसायला लागले.

"मी पीठ कोंबड्यांस्नी घालायची," त्या म्हणाल्या. "दळाण लौकर संपाय पायजे म्हणून. गिरणीवर चार बायका भेटायच्या, तेवढंच."

"मग, आत्ती?"

"मग तुझ्या सासऱ्यांनी घरघंटी आणली. सगळ्या गल्लीत पयली आमच्यात." त्या हसल्या, पण डोळे माझ्याकडं नव्हते. "लई कौतुक झालं माझं."

त्यांनी कागद परत पलंगाखाली ढकलले आणि चहा ठेवायला गेल्या. स्वयंपाकघरात ती घरघंटी अजून आहे. त्या रोज फडक्यानं पुसतात. मी इतकी वर्षं बघत आले, पण काल मात्र मला ती बघवेना.

आक्का, मला तुझ्याकडं यायचंय. निरोप पाठवू नकोस. निरोप आला की हे म्हणतात, "आम्हीच सोडतो की," आणि संध्याकाळी गाडीत बसवून परत आणतात. तू स्वतः ये. रविवारी सगळे घरात असतात, तेव्हाच ये. सगळ्यांच्या देखत माझी बॅग उचल आणि संयोगिताला न्यायला आलेय म्हण. किती दिवसांसाठी, असं ते विचारतील. तू काही सांगू नकोस. ते मी सांगीन. तुझ्या शेजारी उभी राहिले तर माझा आवाज फुटेल, असं वाटतं.

सासूबाईंना मी येणार असल्याचं सांगितलेलं नाही. पण आज सकाळी माझ्या दोन चांगल्या साड्या त्यांनी इस्त्री करून पलंगावर ठेवल्यात. विचारलं, तर म्हणाल्या, "असू देत की."

उंबऱ्याच्या आतून तुझी वाट बघणारी,
संयोगिता